हॉगर्थ, गिलरे की रोलँडसन? पहिलं जॉर्जियन व्यंगचित्र घेण्याआधी

जुनी इंग्रजी व्यंगचित्रं जमवायची म्हणणारा माणूस बहुतेकदा एकच प्रश्न घेऊन येतो, की सुरुवात कुणापासून करू? मी आधी त्यालाच विचारतो, चित्र लागणार कुठे? बाहेरच्या खोलीत, जिथे पाहुणे चहा पीत बसतात? की अभ्यासाच्या टेबलासमोर? की भिंतीवर नाहीच, पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये, अधूनमधून काढून भिंग लावून बघायला? या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. हॉगर्थ, गिलरे आणि रोलँडसन ही तीन नावं कायम एका दमात घेतली जातात, पण ही माणसं एका जातीची नाहीत.

थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडच्या गादीवर १७१४ ते १८३० या काळात लागोपाठ चार जॉर्ज बसले, म्हणून हा जॉर्जियन काळ. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं किंवा आम्लाने चरायचं, मग शाई भरून एकेक कागद दाबून काढायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये अशी चित्रं विकणारी खास दुकानं होती. साधं चित्र एक शिलिंगला, हाताने रंगवलेलं दोनला, असा साधारण भाव. मजुराला हे परवडणारं नव्हतं. तो दुकानाच्या काचेबाहेर उभा राहून फुकट बघायचा. पिकॅडिलीचा फोर्स नावाचा दुकानदार तर व्यंगचित्रांच्या वह्या संध्याकाळपुरत्या भाड्याने द्यायचा, मेजवानीनंतर पाहुण्यांची करमणूक म्हणून.

आता हॉगर्थ (१६९७–१७६४). हा कीर्तनकार. त्याला आख्यान सांगायचं असतं आणि शेवटी पापाचं फळ दाखवल्याशिवाय तो आरतीला येत नाही. खेड्यातून लंडनला आलेली मुलगी सहा चित्रांत शवपेटीपर्यंत पोचते (१७३२). बापाची इस्टेट उडवणारा टॉम रेकवेल आठ चित्रांत वेड्यांच्या इस्पितळात जातो (१७३५). पहिल्या मालिकेचा संच एका गिनीला होता. बाराशेवर संच खपले आणि लगोलग चोरट्या नकला बाजारात आल्या. मग या गृहस्थाने इतर चित्रकारांना बरोबर घेऊन पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला: कोरलेल्या चित्रावर चौदा वर्षं चित्रकाराचा हक्क. रेकवेलची मालिका त्याने हा कायदा अमलात येईपर्यंत, २५ जून १७३५ पर्यंत, दाबून ठेवली. तरी नकलाकारांनी त्याची मूळ तैलचित्रं बघून, आठवणीवरून नकला काढल्याच. ती तैलचित्रं आज लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात आहेत.

हॉगर्थ वाचावा लागतो, आणि त्याच्या बाजूने बोलताना हाच मुद्दा सगळ्यात मोठा. १७५१ चं 'जिन लेन' घ्या. पायऱ्यांवर दारूने झिंगलेली आई तपकीर ओढण्यात गुंग, मांडीवरचं पोर कठड्यावरून खाली कोसळतंय. इथवर सगळ्यांना दिसतं. मग नजर डावीकडे गेली की गहाणवट घेणारा दिसतो, त्याच्यापुढे सुतार आपली करवत आणि बाई आपली भांडीकुंडी घेऊन उभी. हत्यारच गहाण पडलं तर उद्या कमावणार काय, हे लिहून सांगायची गरज उरत नाही. याचंच जोडचित्र 'बिअर स्ट्रीट'. तिथे सगळे गुटगुटीत आणि समाधानी, धंदा बुडालाय तो फक्त गहाणवटवाल्याचा. त्याच वर्षी जिनवर निर्बंध घालणारा कायदा आला आणि ही चित्रं त्या मोहिमेचाच भाग होती.

पण भिंतीवर? माझं प्रामाणिक मत, जपून. हॉगर्थ काळापांढरा, दाट, रेघांनी गच्च भरलेला. चार फुटांवरून तो करड्या रंगाचा चौकोन दिसतो. शिवाय घरात रोज कोसळणारं मूल बघायची तयारी सगळ्यांची नसते.

गिलरे (१७५६–१८१५) नेमका उलटा. त्याला आख्यान नको, धडा तर नकोच नको. तमाशातल्या सोंगाड्यासारखा तो थेट राजाच्या तोंडावर बोलतो, आणि बोलून झाल्यावर प्रधानाकडे वळतो. १७९२ च्या जुलैमध्ये त्याने युवराजाला, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जला, जेवून तट्ट फुगलेला काढला: जाकिटाची बटणं सुटायला आलेली, काट्याने दात कोरणं चालू, मागे न फेडलेल्या बिलांवर मूत्रपात्राचं वजन. त्याच महिन्याच्या अखेरीस बापाचं, तिसऱ्या जॉर्जचं, जोडचित्र आलं. राजा कंजुषासारखा उकडलेलं अंडं खातोय आणि राणी पालापाचोळा. ही दोन चित्रं शेजारी लावून बघावीत, एकटं कुठलंही अर्धंच हसवतं. गंमत म्हणजे युवराज स्वतः अशा चित्रांचं गिऱ्हाईक होता. राजघराण्याचा तो साठा पुढे १९२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विकत घेतला.

गिलरेचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र २६ फेब्रुवारी १८०५ चं. पंतप्रधान पिट आणि नेपोलियन एका टेबलावर बसून पृथ्वीचं पुडिंग कापताहेत. पिट निवांतपणे महासागराचा मोठा तुकडा घेतोय, नेपोलियन खुर्चीवरून उठून युरोप ओरबाडतोय. कुणाची काय भूक होती हे समजायला टीप लागत नाही, म्हणून दोनशे वर्षं व्यंगचित्रकार हीच रचना नवी तोंडं लावून पुन्हा पुन्हा काढत आलेत. विसाव्या शतकातला व्यंगचित्रकार डेव्हिड लो म्हणायचा की हॉगर्थ राजकीय व्यंगचित्राचा आजोबा असेल, तर गिलरे बाप. याच लोची चित्रं बघत बाळासाहेब ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण घडले. तेव्हा 'मार्मिक'वर वाढलेल्या वाचकाला गिलरे परका वाटू नये, आपल्या ओळखीच्या रेषेचा तो पणजोबा लागतो.

आपल्याकडच्या घडामोडीही त्याच्या पत्र्यावर उतरल्या आहेत. १७९१ मध्ये गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस टिपूवर चालून श्रीरंगपट्टणापर्यंत गेला आणि पावसाने, उपासमारीने हैराण होऊन तोफा मोडून माघारी फिरला. वाटेत त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या आणि मराठ्यांच्या बाजारातून चढ्या भावाने धान्य घेऊन त्याचं सैन्य तगलं. लंडनमध्ये गिलरेने डिसेंबरात या माघारीवर चित्र काढलं, नाव दिलं 'मान्सूनचं आगमन'. त्यात पाऊस ढगातून पडत नाही. टिपू तटावर उभा राहून तो पाडतोय. बाकी कल्पना करा.

दुसरा योगायोग मला जास्त आवडतो. देवीच्या लशीवरचं (ही लस गाईच्या देवीपासून घ्यायचे) गिलरेचं चित्र, टोचून घेतलेल्या माणसांच्या नाकातून, दंडातून, कुल्ल्यांतून छोट्या गाई बाहेर पडताहेत ते, १२ जून १८०२ चं. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ जूनला, मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली यशस्वी लस टोचली गेली. डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी चित्र शोधत असाल तर हेच घ्या, दुसरं बघू नका.

गिलरेची अडचण एकच, आणि ती छोटी नाही. अर्ध्याहून जास्त चित्रांतली माणसं ओळखू येत नाहीत. फॉक्स, शेरिडन, बर्क, डंडास कोण, कुणाचं कुणाशी वाकडं, हे माहीत नसेल तर फुगलेले गाल आणि तोंडातून निघालेले मजकुराचे फुगे एवढंच उरतं. शिवाय तो निःपक्षपाती होता असं समजून घेऊ नका. १७९७ पासून त्याला सरकारकडून वर्षाला दोनशे पाउंड मिळत आणि त्यानंतर विरोधकांच्या अंगावर तो जास्त जोराने जातो. माझ्या लेखी याने चित्र खालच्या दर्जाचं ठरत नाही, पण विकत घेणाऱ्याला हे ठाऊक असावं.

रोलँडसनबद्दल (१७५७–१८२७) थोडक्यात सांगतो, कारण त्याला समजावून सांगावं लागत नाही. काकूकडून आलेले सात हजार पाउंड त्याने जुगारात घालवले आणि मग शांतपणे बोरू उचलला. जत्रेत हिंडणाऱ्या माणसाचा डोळा त्याच्याकडे आहे. प्रदर्शनाच्या जिन्यावरून गडगडणाऱ्या बायका, बाथ शहरातल्या गरम पाण्यात डुंबणारे गाऊटचे रोगी, म्हातारे आशिक, लठ्ठ सरदार, हडकुळे वैद्य. रेघ सैल, वळणदार, वर पातळ जलरंग. त्याला राग येत नाही. त्यामुळे तो बोचत नाही, आणि त्यामुळेच भिंतीवर वर्षानुवर्षं खपून जातो. डॉक्टर सिंटॅक्स या कल्पित पाद्री-मास्तराच्या मालिकेत तो दर महिन्याला एक चित्र काढून पाठवायचा आणि विल्यम कूम पुढचं चित्र काय येणार हे ठाऊक नसताना त्यावर पद्य रचायचा. १८१२ मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि तुफान चाललं.

१८१६ चं 'क्वाय हाय' हे पुस्तक मात्र मराठी माणसाने जरूर पाहावं. नाव 'कोई है?' या नोकराला मारायच्या हाकेवरून. हिंदुस्थानात नशीब काढायला आलेल्या तरुण इंग्रजाची फजिती, आणि त्यात घारापुरीच्या लेण्याचीही चित्रं आहेत. रोलँडसन कधी हिंदुस्थानात आला नव्हता, ते चित्रांत दिसतंच. म्हणून ती बघायला आणखी मजा येते.

जॉर्ज क्रूकशँकचं नाव कुणी सुचवेल. तो उत्तम आहे, पण त्याची निम्मी कारकीर्द व्हिक्टोरियन पुस्तकांत गेली आणि १८२० मध्ये त्याने राजाला अनैतिक प्रसंगात न काढण्याच्या बोलीवर शंभर पाउंड घेतले. पहिली खरेदी म्हणून मी त्याला बाजूला ठेवेन.

आता पैशाचं. 'अस्सल' हा शब्द इथे फार फसवा आहे, कारण पत्रे चित्रकारांच्या मागे दशकानुदशकं जगले. हॉगर्थ गेल्यावर त्याची बायको जेन त्याच पत्र्यांवरून चित्रं काढून विकत राहिली, मग ते प्रकाशक बॉयडेलकडे गेले, मग १८२२ मध्ये जेम्स हीथने झिजलेल्या रेषा पुन्हा कोरून मोठी आवृत्ती काढली. हीथची छाप खोटी नाही, उशिराची आहे. गडद, थोडी राकट. ती स्वस्तात मिळते आणि पहिल्या खरेदीला माझी हरकत नाही. फक्त टॉमस कुकच्या १८०० च्या आसपासच्या नकला हॉगर्थच्या नावाने खपवल्या जातात, त्यांवर खाली कुकचं नाव शोधा.

गिलरेच्या बाबतीत जास्त सांभाळून. त्याचे पत्रे हेन्री बोन या प्रकाशकाने मिळवले आणि १८५० च्या सुमारास जाडजूड ग्रंथ छापला. कोपऱ्यात क्रमांक, रंग नाही आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्रं. पाठीमागे दुसरं चित्र असेल तर ती बोनची छाप, यात वाद नाही. अश्लील म्हणून वगळलेली ४५ चित्रं त्याने वेगळ्या खंडात विकली. गोची अशी की अनेकांनी बोनच्या छापा नंतर रंगवल्या. मी पहिला 'रंगीत गिलरे' घेतला तेव्हा हौसेने फ्रेम करायला टाकला आणि फ्रेमवाल्यानेच फोन करून विचारलं, "साहेब, मागचं चित्र दिसायला हवं का?" मी विचारलं नव्हतं म्हणून विक्रेत्याने सांगितलं नव्हतं, एवढंच. गिलरेच्या हयातीतली, त्या वेळीच रंगवलेली पुडिंगची प्रत हजारो पाउंडांत जाते. कुणी ती किरकोळीत देत असेल तर हात आवरा.

रोलँडसनच्या बाबतीत बाजार उलटा चालतो. सिंटॅक्सची पुस्तकं फोडून सुटी पानं विकली जातात. लहान, रंगीत, आणि आटोक्यातली. पुस्तक फोडणं मला पटत नाही, पण फुटलेलं पान विकत घेण्यात पाप नाही असं मी स्वतःला समजावलंय.

घेताना तीन गोष्टी बघा. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर तो आधुनिक छापा. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट बोटाला लागली पाहिजे, ती कापून टाकलेली असेल तर भाव उतरवून मागा. कागद उजेडासमोर धरा, पाणचिन्हात कधीकधी कागद बनल्याचं सालच असतं. आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर आम्लरहित माउंटशिवाय फ्रेम करू नका, चित्र बाहेरच्या भिंतीवर तर टांगूच नका. आपल्या जुलै-ऑगस्टची दमट हवा त्या कागदावर तपकिरी ठिपके आणते आणि ते परत जात नाहीत.

काहीही घेण्याआधी महिनाभर ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर काढा. सगळं फुकट, मोठ्या आकारात. डोरोथी जॉर्ज या विदुषीने १७७१ ते १८३२ मधली हजारो व्यंगचित्रं एकेक करून वर्णन केली आहेत. कोण माणूस, कुठला प्रसंग, फुग्यात काय लिहिलंय, सगळं. गिलरेची ती अडचण इथेच सुटते.

तर बाहेरच्या खोलीला रोलँडसन. टेबलासमोर, दोन फुटांवर, हॉगर्थची हीथ छाप, आणि मालिका फोडू नका, निदान जोडी घ्या. इतिहासाची आवड असेल आणि खिसा खोल असेल तर गिलरे. आणि एकच घ्यायचं असून मन ठरत नसेल तर माझ्याकडे आहे ते सुचवतो: गिलरेचं १८०८ चं 'व्हेरी स्लिपी वेदर'. सेंट जेम्स स्ट्रीटवर हाना हम्फ्रीचं दुकान, याच बाईकडे वरच्या मजल्यावर गिलरे राहायचा. बर्फात एक म्हातारा धडपडून पडलाय, केसांचा टोप उडालाय, नाणी सांडली आहेत, हातातला तापमापक मात्र शाबूत. मागे काचेला नाक लावून उभ्या असलेल्या लोकांचं त्याच्याकडे लक्षही नाही. ते खिडकीतली चित्रं बघताहेत, आणि भिंग घेतलंत तर ती कुठली चित्रं आहेत हेही ओळखता येतं. माझी प्रत बोनची आहे, बिनरंगाची. मागचं चित्र कुठलं ते सांगत नाही.