उन्हाने उतरलेला रंग: रबिंग करायचे की गाडी रंगवायची?

बारा-पंधरा वर्षे उघड्यावर उभी राहिलेली गाडी गॅरेजात नेली की बहुधा दोनच सल्ले मिळतात: "रबिंग मारून देतो" (म्हणजे कंपाउंड या घासणाऱ्या पेस्टने वरचा थर घासून चमक आणणे) किंवा "फुल पेंट करून टाका". कोणता बरोबर, हे रंगाचा कुठला थर खराब झाला आहे त्यावर ठरते. ते गाडी धुऊन पाच मिनिटांत घरीच तपासता येते.

जुन्या प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर अशा गाड्यांवर रंग आणि चमक एकाच थरात असते. याला सिंगल स्टेज म्हणतात. हा रंग उन्हाने वाळतो, वरची कातडी खडूसारखी होते, लाल गाडी गुलाबी दिसू लागते आणि बोट फिरवले की भुकटी लागते. नंतरच्या बहुतेक गाड्यांवर, मेटॅलिकवर तर जवळपास हमखास, रंगाच्या वर पारदर्शक लॅकर म्हणजे क्लिअर कोट असतो. तो फक्त मंद झाला असेल तर ठीक. पण छतावर आणि बॉनेटवर वेड्यावाकड्या कडांचे पांढरट चट्टे दिसत असतील आणि नखाने पापुद्रा उचलत असेल, तर लॅकर सुटला आहे. त्यावर कितीही महाग पॉलिश लावले तरी व्यर्थ, कारण चमकवायला थरच उरलेला नाही.

शंका असेल तर दारावर खालच्या बाजूला थोडे बारीक कंपाउंड पांढऱ्या कापडाने घासा. कापडावर गाडीचा रंग उतरला तर सिंगल स्टेज, नाही तर लॅकर. पांढऱ्या गाडीसाठी काळे कापड घ्या. ही चाचणी प्रत्येक पॅनलवर करा. एखादे दार मागच्या मालकाने रंगवून घेतलेले असतेच. रंगाची जाडी मोजणारा गेज मिळाला तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. २०० च्या वर गेला तर पुन्हा रंगवलेले, ५०० च्या वर गेला तर खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली असण्याची दाट शक्यता. एक मेख लक्षात ठेवा: गेज एकूण जाडी दाखवतो, लॅकर किती उरला ते सांगत नाही. लॅकर जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो.

आता पर्याय. सिंगल स्टेज असेल तर हाताचे काम अजिबात कमी समजू नका. वाळलेल्या रंगाला आधी तेलकट ग्लेझ (न घासणारे, रंगात मुरणारे पॉलिश) भरपूर चोळून रात्रभर मुरू द्यायचे, सकाळी पुसून पुन्हा तेच. दोन-तीन वेळा केल्यावर रंग बराच जिवंत होतो आणि मग बारीक पॉलिश पुरते. थेट कडक कंपाउंड फिरवले तर कोरडा रंग नाहक झडतो आणि कडांना प्रायमर (रंगाखालचा थर) दिसू लागतो. तोटा एवढाच की एका बॉनेटला अख्खी सकाळ जाते.

लॅकर शाबूत पण मंद असेल तर पॉलिशिंग मशीन हवे, आणि इथे ड्युअल ॲक्शन व रोटरी यांतला फरक महत्त्वाचा आहे. रोटरी एकाच जागी गोल फिरते, झटपट कापते, पण उष्णता साठते. दाराच्या कडा आणि बॉनेटची उभी रेघ इथे लॅकर जाळायला काही सेकंद पुरतात. शिवाय उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. ड्युअल ॲक्शनचे पॅड फिरता फिरता जागाही बदलते, म्हणून ते संथ आहे, पण नवशिक्याला माफ करते. पॅडवर कंपाउंडचे चार-पाच थेंब, ५० सेंमी चौरसाचा तुकडा, आडवे-उभे चार फेरे, मग पुसून पाहा. आधी चांगले धुऊन क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरवलेला हवा, नाहीतर रुतलेली धूळच पॅडखाली रगडली जाते. बोअरच्या पाण्याचे डाग व्हिनेगरमध्ये समान पाणी घालून सावलीत काढावेत, मिनिटभरात धुऊन टाकावेत. सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पारदर्शक संरक्षक थर) विकणारे याच वेळी गाठतात. कोटिंग ओरखडे बुजवत नाही, उलट आहेत तसे कैद करते.

लॅकर सुटला असेल किंवा रंगाखालून फोड येत असतील तर मात्र रंगवणेच. कोकण किनारपट्टीवर चाकाच्या कमानीजवळचा फोड म्हणजे बहुधा आतून आलेला गंज. वरून घासून रंग मारला तर तो काही महिन्यांतच पुन्हा फुगतो. गंज पत्र्यापर्यंत काढला का, सुटलेला लॅकर पूर्ण खरवडला का, वर हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा टूके (2K) रंग आहे की स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज), एवढे तीन प्रश्न गॅरेजवाल्याला विचाराच. एनसी लवकर वाळतो, पण पावसाळी दमट हवेत त्यावर पांढरट झाक येते आणि तो लवकर मंद पडतो. टूके टिकतो, मात्र हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, म्हणून साध्या मास्कवर घरी मारायचा हा रंग नव्हे.

बहुतेक गाड्यांना फुल पेंटची गरज नसते. छत आणि बॉनेट रंगवून दारांना पॉलिश केले तरी काम भागते, फक्त क्रम चुकवू नका: आधी पॉलिश, मग रंग. मंद दाराशी जुळवून मिसळलेली शेड त्या दाराला पॉलिश झाल्यावर वेगळी दिसते. रंगवण्याआधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसून घ्या, कारण पॉलिशमधला सिलिकॉन राहिला तर ताज्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. आणि नव्या पॅनलवर निदान महिनाभर वॅक्स लावू नका, आतला थिनर उडायला वेळ लागतो.