जुन्या वाड्याच्या सागवानी खिडक्या : नाशिकमधील एका सुतारी कारखान्याच्या कामाचा अनुभव

सराफ बाजाराच्या मागील अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आमचे दुमजली घर आहे. खाली दगडी जोते, वर विटांच्या जाड भिंती आणि नऊ सागवानी खिडक्या. या खिडक्यांचे काम मी फेब्रुवारी 2024 मध्ये शहरातील एका सुतारी कारखान्याला दिले. लाकडी खिडकीची खरी पारख पाऊस करतो, म्हणून दोन पावसाळे जाऊ दिले आणि मगच हा अभिप्राय लिहायला घेतला. ज्यांच्याकडे असे जुने घर आहे आणि जे याच प्रश्नापाशी अडले आहेत, त्यांना आमच्या अनुभवातील तपशील उपयोगी पडावेत, एवढीच इच्छा आहे.

सुरुवातीला घरात सर्वांचा कल यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडक्यांकडे होता. एका विक्रेत्याच्या माणसाने येऊन मापे घेतली आणि जुन्या चौकटी जागेवर ठेवून त्यांच्या आत नवी पांढरी चौकट बसवण्याचे दरपत्रक दिले. यूपीव्हीसीला वाळवी लागत नाही, ते पाण्याने फुगत नाही आणि त्याला पॉलिश करावे लागत नाही, हे मान्यच आहे. गंगापूर रोडवरील एखाद्या नव्या सदनिकेसाठी मी स्वतः तोच पर्याय सुचवीन. आमची अडचण वेगळी होती. साडेतीन फूट रुंदीच्या खिडकीत दोन्ही बाजूंनी नव्या चौकटीची जाडी आली, त्यात सरकत्या काचेमुळे अर्धी जागा कायमची बंद राहिली, तर उरणाऱ्या फटीतून माजघरात उजेड किती येणार आणि वारा किती येणार, याचे उत्तर दरपत्रकात नव्हते.

शिवाय आमच्या खिडक्या चार पल्ल्यांच्या आहेत. खालचे दोन पल्ले वेगळे उघडतात, वरचे दोन वेगळे. गल्ली इतकी अरुंद आहे की समोरच्या घरातील माणूस हात लांब करून आपल्याला वाटी देऊ शकेल. अशा ठिकाणी खालचे पल्ले लावून घेतले की घराचा आडोसा राहतो आणि वरचे उघडे ठेवले की छताखाली साठलेली गरम हवा बाहेर पडते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीजवळ गेला असताना या रचनेचे मोल कळते. ही सोय ज्यांनी योजली त्यांना गल्लीची रुंदी, ऊन आणि घरातील बायकांचा वावर, तिन्ही ठाऊक असले पाहिजेत. ती काढून टाकायची आणि मग पंख्याचा वेग वाढवायचा, हे माझ्या मनाला पटेना.

या कारखान्याचा पहिला चांगला गुण असा की त्यांनी दर सांगण्याची घाई केली नाही. तेथील ज्येष्ठ मिस्त्री एक संपूर्ण दिवस आमच्या घरी होते. एक टोकदार आर घेऊन ते प्रत्येक चौकटीचा खालचा भाग, पल्ल्यांच्या आडव्या पट्ट्या आणि भिंतीला चिकटलेली बाजू टोचून पाहत होते. आर जेथे सहज आत गेली तेथे त्यांनी खडूने खूण केली. मला वाटले होते त्याच्या निम्म्यानेही खुणा झाल्या नाहीत. वरच्या मजल्यावरील सहा खिडक्यांमध्ये फक्त चौकटीचा उंबरा आणि पल्ल्यांची सर्वांत खालची पट्टी खराब झाली होती. "ताई, हा पल्ला अजून तुमच्या नातवंडांना पुरेल, खालची पट्टी तेवढी गेली आहे," असे त्यांनी एका खिडकीपाशी सांगितले. तळमजल्याच्या तीन खिडक्या मात्र वाचण्यासारख्या नव्हत्या. ऑगस्ट 2019 च्या पुरात गोदावरीचे पाणी आमच्या गल्लीत शिरले होते आणि त्यानंतर त्या खिडक्यांवर आम्ही ऑइलपेंटचे जाड थर दिले होते. भिजलेले लाकूड पूर्ण वाळण्याआधीच रंगाने बंद केले, त्यामुळे ओल आतच राहिली आणि चौकटीचा पाया भुसभुशीत झाला. ही चूक आमची होती, सुताराची किंवा सागाची नव्हे. सहा खिडक्या दुरुस्त करायच्या आणि तीन नव्या करायच्या, असा निर्णय त्या दिवशी झाला.

दुरुस्तीची पद्धत सांगण्यासारखी आहे. खराब भाग तिरका कापून काढतात आणि त्याच उताराने घडवलेला नवा तुकडा त्याला जोडतात. सरळ आडव्या कापापेक्षा तिरक्या कापात दोन्ही लाकडे अधिक लांबीवर एकमेकांना भिडतात आणि तो सांधा टिकतो. जोडाचे लाकूड शक्यतो मूळ लाकडाच्या जातीचे आणि वयाचे असावे, असा मिस्त्रींचा आग्रह होता. जुन्या नाशकात दर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, त्यांतील काही उतरवले जातात आणि त्यांच्या तुळया, खांब, दारे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात. तेथून मिळालेल्या एका तुळईतून आमचे सहाही उंबरे निघाले. एखाद्या पडलेल्या वाड्याची तुळई आपल्या खिडकीत येते याचे मला वाईटही वाटले आणि समाधानही वाटले. असे लाकूड अनेक दशके वाळून स्थिरावलेले असते, त्याच्या वर्षवलयांची वीण घट्ट असते. मात्र त्यात जुने खिळे दडलेले असतात, म्हणून करवतीला लावण्यापूर्वी ते नीट तपासून घ्यावे लागते. या कारखान्याने ते केले.

नव्या तीन खिडक्यांसाठी साग निवडताना मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. वखारीत आम्हाला दोन प्रकारचा साग दाखवला गेला, एक चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशाचा आणि दुसरा आफ्रिकेतून आलेला. बर्मा टीक, म्हणजे म्यानमारचा साग, हे नाव अजूनही अनेक दुकानांत सर्रास घेतले जाते. परंतु म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली आहे, तेव्हा कोणी त्या नावाने चढा भाव सांगितला तर कागदपत्रे मागावीत. आमच्या मिस्त्रींनी ते नाव घेतलेही नाही. त्यांचे म्हणणे असे की गाव कोणते यापेक्षा फळीत गाभा किती आहे हे पाहा. सागाला वाळवी सहसा लागत नाही ही ख्याती त्याच्या गाभ्याच्या सोनेरी-तपकिरी लाकडाची आहे, कारण त्याला राखणारी तेलकट द्रव्ये त्या भागात असतात. सालीलगतचा फिकट पांढरा भाग सागाचाच असला तरी वाळवी आणि बुरशी तो इतर साध्या लाकडासारखा खातात. लागवडीतील झाड कमी वयात तोडले तर त्यात हा पांढरा भाग प्रमाणाने अधिक येतो. त्यावर गडद स्टेन (लाकडाला रंग देणारे द्रव) मारला की डोळ्यांना फरक कळत नाही, आणि फसवणूक नेमकी तेथेच होते. म्हणून स्टेन किंवा पॉलिश लागण्यापूर्वी, रंधा मारलेल्या अवस्थेत, प्रत्येक तुकडा स्वतः पाहण्याची अट मी घातली. कारखान्याने ती विनातक्रार मान्य केली आणि दोन तुकडे तर माझ्या सांगण्याआधीच बाजूला काढून ठेवले.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. खिडक्या-दारांसाठी लाकडातील ओलावा साधारण 8 ते 12 टक्क्यांच्या आसपास असावा, असे मी वाचले होते आणि ओलावा मोजण्याचे उपकरण आहे का, असे भीतभीतच विचारले. त्यांच्याकडे ते होते. जुन्या तुळईचा आकडा 10 आला. नव्या बल्लारशा सागाचा आला 19. ते लाकूड तसेच वापरले असते तर पहिल्याच उन्हाळ्यात आक्रसून सांधे सुटले असते. नाशिकची हवा पावसाळ्यात दमट आणि मार्च ते मे कोरडी असल्याने हा धोका येथे विशेष आहे. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते, आणि फळी ओंडक्यातून कोणत्या दिशेने कापली आहे यावर तो बदल साधारण दुपटीने कमी-जास्त होतो. मिस्त्रींनी ते लाकूड फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत रचून चार आठवडे वाळवले, 12 चा आकडा आल्यावरच कापणीला घेतले. काम लांबले ते मुख्यतः यामुळे, आणि त्या उशिराबद्दल माझी तक्रार नाही.

नव्या चौकटींचे चारही कोपरे खाच आणि कूस पद्धतीने जोडलेले आहेत. एका लाकडाचे पुढे आलेले टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यातून लाकडी मेख आरपार मारलेली आहे. गोंद आहे, पण सांध्याचा भार गोंदावर नाही. उंबऱ्याला बाहेरच्या बाजूस उतार दिला आहे आणि त्याच्या तळाशी कडेपासून थोडी आत एक बारीक खाच कोरली आहे. पाणी उताराने खाली येते आणि त्या खाचेपाशी तुटून थेंबाने गळते, मागे वळून भिंतीत जात नाही. आमच्या जुन्या खिडक्यांनाही अशी खाच होती, रंगाच्या थरांनी ती बुजली होती. जुने गज काढून, गंज घासून, रेड ऑक्साइडचा हात देऊन परत बसवले. बिजागऱ्या आणि स्क्रू पितळी घेतले. थोडे महाग पडतात, परंतु लोखंडी स्क्रूच्या गंजाने लाकडावर पडणारे काळे डाग टळतात.

काचेचा प्रश्न लवकर सुटला. खालचे पल्ले पूर्वीसारखेच भरीव लाकडी ठेवले आणि वरच्या पल्ल्यांत पाच मिलिमीटरची साधी काच घेतली. दुहेरी काचेसाठी पल्ला जाड करावा लागला असता आणि जुन्या बारीक पट्ट्यांचे प्रमाण बिघडले असते. गल्लीतला आवाज त्यामुळे थोडा अधिक येतो, हे खरे आहे.

आता उणिवा. पश्चिमेकडील एका नव्या खिडकीचा पल्ला पहिल्याच जुलैमध्ये फुगला आणि लागेना. मिस्त्रींनी येऊन तो उतरवला तेव्हा कारण लगेच दिसले : पल्ल्याच्या तळाच्या कडेला जवसाच्या तेलाचा हात लागलाच नव्हता. लाकडाचे कापलेले टोक पाणी सर्वांत वेगाने शोषते, आणि तेथेच कामगाराने हात आखडता घेतला होता. त्यांनी चूक कबूल केली, पल्ला वाळवून, तासून, सर्व कडा तेलाने भरून दहा दिवसांनी विनामूल्य परत बसवला. चूक मात्र अशी की जी जागेवर बसवण्यापूर्वी पल्ला उलटा करून पाहिला असता तर टळली असती. तुम्ही काम घ्याल तेव्हा प्रत्येक पल्ल्याची वरची आणि खालची कड हात फिरवून तपासा.

दुसरी उणीव त्यांनी आणलेल्या गवंड्याची. चौकट बसवल्यावर भोवतालची फट त्याने सिमेंटने भरायला घेतली. आमच्या विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. त्या ओल घेतात आणि सोडतात. कडक सिमेंट ती ओल लाकडापाशी अडवून धरते. पहिली चौकट भरून झाल्यावर माझ्या लक्षात आले, ते काढून चुन्याने पुन्हा भरावे लागले आणि त्यात दोन दिवस गेले. लाकडाविषयी इतका विचार करणाऱ्या कारखान्याने भिंतीविषयीही तितकाच करावा, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. याखेरीज बिलात वाहतूक आणि जुने रंग उतरवण्याची मजुरी आधी न सांगता शेवटी आली, तीही आधी लिहून घ्यावी.

शेवटच्या हाताबाबत त्यांनी दोन पर्याय दिले होते : चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश किंवा जवसाच्या तेलाचे मुरवलेले हात. पीयू काही वर्षे सुरेख दिसते, परंतु पश्चिमेच्या उन्हात त्याचा पापुद्रा तडकला की पाणी त्याखाली शिरते आणि मग सगळे खरवडून काढावे लागते. तेलाला दरवर्षी उजाळा द्यावा लागतो, पण तो घरच्या माणसाला फडक्याने देता येतो. आम्ही तेल घेतले. दोन पावसाळ्यांनंतर पूर्वेकडील खिडक्या तशाच आहेत, पश्चिमेकडील थोड्या फिकट झाल्या आहेत. फेब्रुवारीत एक रविवार त्यासाठी राखून ठेवतो.

खर्च असा आला : दुरुस्तीच्या सहा खिडक्या सरासरी साडेसात हजार रुपयांना पडल्या आणि नव्या तीन प्रत्येकी सव्वीस हजारांना, म्हणजे एकूण 1 लाख 23 हजार, वर वाहतूक आणि रंग उतरवण्याचे नऊ हजार. तीन आठवड्यांचे सांगितलेले काम अकरा आठवडे चालले. लग्नकार्य किंवा सण समोर ठेवून यांच्याकडे काम देऊ नये. परंतु जुन्या लाकडात काय वाचवता येईल हे ज्यांना आधी पाहायचे आहे, त्यांनी अवश्य द्यावे, कारण नऊच्या नऊ खिडक्या नव्या करून दुप्पट बिल लावणे त्यांना सहज शक्य होते आणि त्यांनी तसे केले नाही.

मागच्या अंगणाकडील दहावी, लहान खिडकी त्यांनी मोजणीत धरली नव्हती. तिला बिजागऱ्याच नाहीत. पल्ल्याच्या कडेचे लाकडी खुंट वर आणि खाली भोकांत बसवलेले आहेत आणि पल्ला त्यांवर फिरतो. मिस्त्रींनी तो दोनदा उघडून लावून पाहिला, खालच्या भोकात तेलाचे चार थेंब सोडले आणि तिला हात लावायची गरज नाही असे सांगितले. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.