गाडीखाली चिकटवायची किल्लीची डबी: पैसे वसूल कधी, फुकट कधी

किल्ली आत आणि आपण बाहेर, हे फक्त विसराळू माणसांचंच होतं असं नाही. बऱ्याच गाड्यांत रिमोटने अनलॉक केल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास एकही दार उघडलं नाही, तर गाडी आपली आपण पुन्हा लॉक होते. डिकीत पिशव्या ठेवता ठेवता किल्लीही त्यांच्यातच राहिली आणि झाकण खाली आलं, की संपलं. म्हणून लोक मॅग्नेटची डबी घेतात, तीत जादा किल्ली घालतात आणि गाडीखाली कुठेतरी चिकटवून देतात. ऑनलाइन दोनशे ते पाचशे रुपयांत ती मिळते. कल्पना चांगली आहे, पण डबी कुठली यापेक्षा तीत कुठली किल्ली ठेवता यावर सगळं अवलंबून आहे.

आधी किल्लीचंच बघू. आजच्या बहुतेक गाड्यांत इमोबिलायझर असतो. किल्लीच्या डोक्यातली चिप गाडीने ओळखली तरच इंजिन चालू होतं. डबीत ठेवायला सगळ्यात योग्य ती बिनचिपची, नुसत्या पात्याची किल्ली. तिने दार उघडतं, आत अडकलेली खरी किल्ली हाताला लागते, काम झालं. चोराच्या हाती ही किल्ली पडली तर तो आतलं सामान नेईल, पण तेवढ्या किल्लीवर गाडी चालू करून नेता येणार नाही. साध्या दात्यांची किल्ली नाक्यावरचा चावीवाला शे-दोनशेत करून देतो. पात्याच्या सपाट बाजूवर नागमोडी खाच असेल, तर ती वेगळ्या मशीनवर कापावी लागते आणि तिचे पैसे जास्त लागतात. नव्या गाडीबरोबर किल्लीच्या नंबरचा छोटा बिल्ला मिळाला असेल तर तो घरी जपून ठेवा. सगळ्या किल्ल्या हरवल्या तर तो नंबर उपयोगी पडतो.

किल्ली करून आणली की लगेच डबीत टाकू नका. ड्रायव्हरच्या दारात आठ-दहा वेळा फिरवून बघा. इथेच बहुतेकांची फसगत होते. वर्षानुवर्षं रिमोट वापरल्यामुळे दाराच्या कुलपात किल्ली कधी गेलेलीच नसते, आत धूळ बसून कुलपाचे भाग जाम होतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी किल्ली अर्धीच फिरते. जोर लावला तर ती मोडते आणि अर्धं पातं आत राहतं. पावसाळा संपला की कुलपात चिमूटभर ग्रॅफाइट पावडर फुंका. खोबरेल किंवा इंजिन ऑइल घालू नका, त्यावर धूळ चिकटून कुलूप आणखी घट्ट होतं. हल्ली काही मॉडेलांत किल्लीचं भोकच दिसत नाही, ते हँडलवरच्या टोपणाखाली दडलेलं असतं. ते टोपण कसं निघतं हे आजच बघून ठेवा.

अलार्म असलेली गाडी रिमोटने लॉक झाली असेल, तर साध्या किल्लीने दार उघडताच भोंगा वाजू शकतो. आतली खरी किल्ली घेऊन अनलॉक दाबलं किंवा इग्निशन चालू केलं की तो थांबतो. रात्री सोसायटीच्या आवारात ही वेळ आली तर वॉचमनला आधी सांगून ठेवलेलं बरं.

बटण स्टार्ट गाडीची स्मार्ट की मात्र या डबीत ठेवू नये, हे आमचं स्पष्ट मत. ती गाडीजवळ असली की गाडी तिला ओळखते. मग हँडलचं बटण दाबणाऱ्या कोणालाही दार उघडतं, किंवा किल्ली आत राहिली असं समजून गाडी नुसती बीप बीप करते आणि लॉकच होत नाही. शिवाय गाडीशी सतत संपर्क होत राहिल्याने किल्लीचा सेलही लवकर उतरतो. ठेवायचीच असेल तर आतला सेल (बहुधा सीआर २०३२) काढून ठेवा. बहुतेक गाड्यांत सेल नसलेली किल्लीही स्टार्ट बटणाला टेकवली की इंजिन चालू होतं आणि दारासाठी तिच्यातलं छोटं पातं असतंच. पण मग पूर्ण गाडी चालवता येईल अशी किल्ली तुम्ही रस्त्यावर ठेवताय, हे विसरू नका. त्यापेक्षा त्या छोट्या पात्याची नक्कल करून डबीत ठेवा.

आता डब्या. पत्र्याची, सरकत्या झाकणाची डबी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवी. झाकण नुसतं घासून बसलेलं असतं. त्याच्या खाचेत चिखल वाळला की ते नखाने सरकत नाही, गंज चढला की पक्कड लागते. पक्कड असते डिकीत, आणि डिकी बंद! प्लास्टिकची, रबरी सील आणि खटका असलेली डबी थोडी महाग पडते, पण घ्यायची तर हीच. घेताना झाकण बंद करून पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवा, आत टिश्यू पेपर ठेवा. टिश्यू ओला निघाला तर परत करा.

मॅग्नेट दोन प्रकारचे येतात. काळपट मातकट दिसतो तो फेराइट: आकाराच्या मानाने पकड कमी, पण गंजत नाही आणि उष्णता सोसतो. चकचकीत चंदेरी असतो तो निओडिमियम: छोटा असूनही जबरदस्त पकडतो, पण वरचा मुलामा टवकला की आतून गंजून भुगा होतो आणि साधा प्रकार ८० अंश सेल्सिअसच्या वर तापला तर त्याची शक्ती कायमची कमी होते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत गंजाची ही भानगड लवकर सुरू होते. त्यामुळे मॅग्नेट उघडा नसून प्लास्टिकच्या आत बंद असलेली डबी निवडा.

पाकिटावर लिहिलेलं 'इतके किलो वजन पेलतो' फारसं मनावर घेऊ नका. ते माप जाड, गुळगुळीत, कोऱ्या लोखंडावर सरळ ओढून घेतलेलं असतं. गाडीखाली अंडरबॉडी कोटिंगचा थर असतो आणि मधे एखाद-दोन मिलिमीटरचं अंतर पडलं तरी पकड झपाट्याने उतरते. उभ्या पृष्ठभागावर तर डबी ओढून निघत नाही, घसरून पडते, आणि घसरायला त्याच्या कितीतरी कमी जोर पुरतो. म्हणून डबी खालून लटकवण्यापेक्षा एखाद्या आडव्या पट्टीच्या वरच्या अंगाला बसवा. तिथे वजन मॅग्नेटला मदतच करतं, आणि गतिरोधकावर आपटायला ती खाली येत नाही.

बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर यांना शिडीसारखी वेगळी चॅसी असते, तिच्या आडव्या लोखंडावर जागाच जागा. हॅचबॅकमध्ये शोधावं लागतं. बंपर प्लास्टिकचा, चाकावरचं लायनर प्लास्टिकचं, काही ठिकाणी ॲल्युमिनियम. तिथे मॅग्नेट चिकटतच नाही. मागच्या बंपरच्या आतला लोखंडी आडवा बार किंवा टो हुकच्या (गाडी ओढायच्या कड्याच्या) वरची जागा चाचपून बघा. सायलेन्सर आणि त्याच्या पाइपपासून एक हात लांब राहा. चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या सस्पेन्शनच्या भागाला, ब्रेकच्या नळ्यांना हात लावू नका. आणि बॉनेटखाली ठेवायचा विचार मनात आला असेल, तर बॉनेटचा खटका गाडीच्या आत असतो हे आठवा. पेट्रोलच्या झाकणामागे ठेवणाऱ्यांचीही अनेक गाड्यांत तीच गत.

नंबर प्लेटच्या मागे सपाट किल्ली ठेवायची परदेशी युक्ती नेटवर फार दिसते. आपल्याकडे ती विसरा. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेटचं स्नॅप लॉक एकदा उघडलं की पुन्हा लागत नाही, आणि ते तोडलेली प्लेट म्हणजे पोलिसांना आयतं कारण.

बसवण्याआधी जागा खरवडून, रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडी करा. किल्लीला व्हॅसलिनचं हलकं बोट लावून छोट्या झिप पिशवीत घाला आणि फोमच्या तुकड्यात गुंडाळा. नाहीतर खड्ड्याखड्ड्याला खुळखुळ ऐकू येते आणि मग सगळ्या मेकॅनिकांना निष्कारण कामाला लावलं जातं. एकट्या मॅग्नेटच्या भरवशावर राहू नका. डबीला हाताने सुटेल अशी बायंडिंग वायर गुंडाळून आधार द्या. केबल टाय नको, तो कापायला कात्री लागते. वॉशिंग सेंटरवर खालून प्रेशरने पाणी मारतात, त्यानंतर डबी जागेवर आहे का हे चाचपा. मॅग्नेटवर ब्रेकचा लोखंडी भुसा साचतो, तो चिकटपट्टी दाबून उचलला की पकड परत येते.

चार आकड्यांच्या कुलपाची लटकवायची पेटी हा तिसरा पर्याय. आकडे लक्षात राहिले की बाकी काही लागत नाही आणि किल्लीवर निदान कुलूप तरी असतं. पण ती बोजड असते, टो हुकला लटकली की ठळक दिसते, चालत्या गाडीत आपटते. समुद्रावर पोहायला किंवा सर्फिंगला जाताना, गाडी उभी असताना वापरायला ती छान. रोज लावून फिरण्यासारखी नाही.

विम्याची बाजू डबी विकणारा सांगत नाही. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी क्लेमच्या वेळी मूळ किल्ल्या मागते, आणि गाडीची काळजी घेतली नाही हे कारण देऊन क्लेम अडू शकतो. चिपवाली किल्ली गाडीलाच चिकटवलेली होती हे त्यात बसतं. बिनचिपच्या नकलेचा तसा प्रश्न येत नाही, मूळच्या दोन्ही किल्ल्या घरात असतात. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स असेल तर त्यात अडकलेली किल्ली काढून देण्याची सोय आहे का तेही बघून घ्या. शहरातच गाडी चालवणाऱ्याला तेवढं पुरतं, नाहीतर पाकिटात ठेवलेलं नुसतं पातं पुरतं. ज्यांची गाडी ताम्हिणीत, आंबोलीत किंवा मोबाइलला रेंज नसलेल्या गावात उभी राहते, त्यांनी प्लास्टिकची डबी घ्यावी आणि बसवताना आजूबाजूला पार्किंगवाला बघत नाही ना, एवढी खात्री करावी.