ग्रेटफुल डेड, डिलन स्टेडियम १९७४: स्पीकरच्या भिंतीपुढची मैफल

'डेव्हज पिक्स' या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांच्या मालिकेचा दुसरा खंड म्हणजे ग्रेटफुल डेड या रॉक बँडची ३१ जुलै १९७४ ची मैफल, अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या डिलन स्टेडियममधली. बँड त्या वर्षी रंगात होताच, पण या तीन सीडी घ्याव्यात त्या बँडमागे उभ्या असलेल्या 'वॉल ऑफ साउंड' या स्पीकरच्या भिंतीसाठी. स्टेडियमसाठी इतका विचार करून बांधलेली ध्वनियंत्रणा त्या दशकात दुसरी नव्हती, असं माझं ठाम मत आहे.

आवाजाचा दणका हे तिचं वैशिष्ट्य नव्हे. द हू या बँडने १९७६ मध्ये लंडनच्या चार्ल्टन मैदानावर ७६,००० वॅट वापरले. ही भिंत होती साधारण २६,४०० वॅटची. बँडचा ध्वनितंत्रज्ञ ऑउस्ली स्टॅन्ली आणि अलेम्बिक या ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या कंपनीच्या मंडळींनी जोर दिला तो आवाज वेगळे ठेवण्यावर. एकाच स्पीकरमधून बास आणि गाणं दोन्ही सोडलं, की बासच्या हेलकाव्यांवर गळा थरथरतो आणि शब्द गढूळ होतात. म्हणून इथे गायन, दोन गिटार, पियानो, बास, ड्रम्स, प्रत्येकाची यंत्रणा स्वतंत्र. बासवादक फिल लेशच्या बास गिटारच्या तर चारही तारांना वेगळे स्पीकर! 'आइज ऑफ द वर्ल्ड' हे गाणं लावून फक्त बास ऐका. खालचा सूर घुमत असतानाही वरच्या तारेवरचा सूर सुटा, टोकदार येतो.

स्पीकर उभ्या रांगांत रचल्यामुळे आवाज आकाशात वाया न जाता समोर पसरायचा. ६०० फुटांपर्यंत तो उत्तम पोचायचा, पाव मैलापर्यंत ठीक. त्यापुढे वारा त्याची दिशा बिघडवायचा.

कमजोर बाजू गायनाची. भिंत गायकांच्या पाठीमागे, स्टेजवर गायकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे वेगळे स्पीकर (मॉनिटर) नाहीत. एरवी असा माइक लगेच शिट्टी मारेल. त्यावर तोडगा म्हणून एकावर एक दोन माइक, ६० मिलिमीटर अंतरावर, उलट्या ध्रुवतेने जोडलेले. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरतो आणि एकमेकांना खोडून काढतो. गायक फक्त वरच्यात गातो, म्हणून त्याचा गळा उरतो. पण ओठ माइकला टेकलेलेच हवेत. वीतभर मागे सरकलं की गळाही दोन्ही माइकमध्ये जवळपास सारखाच पोचतो आणि तोही खोडला जातो, त्यातही खालचे सूर आधी. आवाज मग पातळ, पत्र्यासारखा लागतो. त्या वर्षीची ध्वनिमुद्रणं ऐकताना गायन कोरडं वाटलं तर सीडीला दोष देऊ नका.

वाहतूक हा वेगळाच ताप. सुमारे ७५ टन सामान, चार मोठे ट्रक, एकवीस जणांचा ताफा. मचाण उभारायलाच इतका वेळ लागायचा की एका गावात कार्यक्रम चालू असताना दुसरं मचाण पुढच्या गावी चढत असे. हा खर्च झेपणारा नव्हता. ऑक्टोबर १९७४ मधल्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या विंटरलँड सभागृहातल्या मैफलींनंतर भिंत कायमची उतरवली गेली.

घरी ऐकणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: तीन मजली भिंतीची उंची दोन स्पीकरमध्ये मावत नाही. तरी बासला न्याय द्यायचा तर मोठे स्पीकर किंवा चांगले हेडफोन घ्या, आणि बासचं बटण वाढवू नका. वाढवलंत तर चार तारांचा वेगळेपणा सगळ्यात आधी जातो.