नोटा की घरी बसणं?

"सगळेच सारखे, मत कुणाला देऊ?" मेहुण्याचा प्रश्न.

कष्ट वाचवण्यात घरी बसणं जिंकतं; नोटासाठीही (मतदान यंत्रावरचं 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण) रांगेत उभं राहावं लागतंच. पण नोंदीचं काय? घरी बसलेला रागावला होता की झोपला होता, कोण सांगणार? नोटा निकालात छापून येतो. लातूर ग्रामीणमध्ये 2019 ला तो चक्क दुसरा आला, इंदूरला 2024 मध्ये त्याला 2,18,674 मतं पडली. परिणामात मात्र दोन्ही लंगडे: लोकसभा-विधानसभेत नोटा पहिला आला तरी त्याच्याखालचा उमेदवारच निवडून येतो.

राग नोंदवायचाय? नोटा. निकाल बदलायचाय? मग उमेदवारांची शपथपत्रं वाचून त्यातल्या त्यात बरा निवडा. कशाचंच सोयरसुतक नसेल, तर घर आहेच.