डोंगर आणि ट्राउट एकाच दिवशी: स्टोन माउंटन की साउथ माउंटन्स?

अमेरिकेतल्या शार्लट शहरातून सकाळी निघायचं, डोंगर चढायचा, ट्राउटसाठी (थंड, वाहत्या गोड्या पाण्यातला मासा) गळ टाकायचा आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतायचं, असा बेत ठरला की नॉर्थ कॅरोलायनातली दोन स्टेट पार्क समोर येतात: स्टोन माउंटन आणि साउथ माउंटन्स. दोन्हीकडे प्रवेश फुकट, आणि गाडीने पोहोचायला लागणाऱ्या वेळातही फारसा फरक नाही. मी दोन्हीकडे बऱ्याचदा गेलोय, पण हल्ली गाडी एकाच बाजूला वळते.

नुसता डोंगर हवा असेल तर स्टोन माउंटनला तोड नाही. झाडीतून एकदम वर उठलेला ६०० फुटी ग्रॅनाइटचा उघडा घुमट बघून सह्याद्रीत भटकलेल्या माणसाचा जीव तिथे अडकतोच. साडेचार मैलांच्या लूपमध्ये (फिरून निघाल्या जागी आणणारी वाट) माथा, २०० फुटी धबधबा आणि पायथ्याचं हचिन्सन कुटुंबाचं जुनं घर, सगळं बघून होतं. पाऊस पडून गेला असेल तर मात्र कातळावर जाऊ नका, ओल्या ग्रॅनाइटवर पाय ठरत नाही. साउथ माउंटन्सचा हाय शोल्स धबधबा ८० फुटांचा, लूप पावणेतीन मैलांच्या आतली. लाकडी पायऱ्या दम काढतात, पण वर तसा उघडा माथा नाही.

मासेमारीचे नियम दोन्हीकडच्या मुख्य प्रवाहांवर सारखेच. १ ऑक्टोबरपासून जूनच्या पहिल्या शनिवारपर्यंत पकडलेला प्रत्येक मासा सोडून द्यायचा, एकच हूक असलेलं कृत्रिम आमिष वापरायचं. गावाकडच्या सवयीने कणकेच्या गोळ्या किंवा गांडुळं घेऊन येणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं. झाडांवर काळ्या-पांढऱ्या पाट्या दिसल्या की हाच नियम. परवाना सोळा वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला लागतो.

माझा कौल ठरला तो एका कटकटीमुळे. स्टोन माउंटनमध्ये बाहेरून आणलेले मासे पाण्यात सोडतात तो ईस्ट प्रॉंग रोअरिंग रिव्हरचा पट्टा पार्कच्या रस्त्याला लागून वाहतो. लूपची वाट सुरू होते दुसरीकडे. त्यामुळे आमच्या घरचे डोंगरावर आणि मी पाण्यात, अशी फाटाफूट ठरलेली. फोनला रेंज मिळेल याचा भरवसा नाही. ते खाली उतरले का, कुणी थांबलंय का, या विचारात गळावर लक्ष राहत नाही. त्यात पाठीमागून गाड्या जात असतात, आणि शनिवारी चांगल्या डोहाशी आधीच कुणीतरी उभं असतं.

साउथ माउंटन्समध्ये ही भानगडच नाही. धबधब्याकडे जाणारी वाट जेकब फोर्क नदीच्या काठाकाठाने चढते. मी शिनी क्रीकच्या संगमाखाली पाण्यात उतरतो, बाकीचे पायऱ्या चढून धबधबा बघून येतात आणि परतताना त्याच काठावर डबा उघडतो. मोठ्या दगडांच्या मागे पाणी जिथे मंदावतं, तिथे फ्लाय, म्हणजे किड्यासारखं दिसणारं कृत्रिम आमिष, अलगद वाहू द्यायची. ब्रुक ट्राउट लागला तर हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि मासा पुढे आजारी पडतो. पाठीवर वळवळत्या फिकट रेघा, खालच्या परांना पांढरी कड. तोंड प्रवाहाकडे करून क्षणभर धरला की शेपटी मारून स्वतःच निघून जातो. या डोंगरांतला मूळचा ट्राउट म्हणजे ब्रुक तेवढाच, रेनबो आणि ब्राउन या ट्राउटच्या जाती बाहेरून आणलेल्या.

आता, विन्स्टन-सेलम किंवा रॅलीहून येत असाल तर स्टोन माउंटन जवळ पडतं, आणि लहान मुलांना पहिल्यांदा गळ धरायला शिकवायचं तर रस्त्यालगतचं पाणी सोयीचं, हेही खरं. एकट्याने फक्त मासेमारीला जाणाऱ्याला माझी अडचण जाणवणारही नाही. पण घरचे सोबत असतील आणि दोन्ही गोष्टी व्हायला हव्यात असं वाटत असेल, तर मी साउथ माउंटन्सच सुचवेन.

शनिवार-रविवारी सकाळी लवकर पोहोचा, धबधबा बघणाऱ्यांनीच पार्किंग भरून जातं. आणि २०२४ च्या हेलीन वादळाने पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात बरीच नासधूस केली, तेव्हा निघण्यापूर्वी कुठली वाट बंद आहे का, ते पार्कच्या संकेतस्थळावर बघून घ्या.