प्रतापनगरच्या जिमची स्टुडंट बॅच लावायची का? माझा अनुभव

हॉस्टेलच्या ग्रुपवर दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी विचारते की नागपुरातल्या प्रतापनगर साइडच्या ह्या जिमची स्टुडंट बॅच कशी आहे, लावू का, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच नीट लिहून राहिली. जिम म्हणून ठीकठाक आहे, मशीन जुन्या आहेत, जागा कमी आहे, पण सकाळच्या बॅचच्या मॅडम पहिल्या आठवड्यात जे करून घेतात ते मी आधीच्या दोन जिममध्ये कुठंच पाहिलं नाही आणि आपल्यासारख्या कॉलेजच्या पोरापोरींना खरी गरज त्याचीच आहे.

पहिला आठवडा मशीनला हातच लावू देत नाहीत. एक वही आणायला सांगतात. मनगटावर दोन बोटं ठेवून स्वतःची पल्स अर्धा मिनिट मोजायची आणि दुप्पट करून लिहायची, शांत बसलेलं असताना मोठ्या माणसाची साधारण ६० ते १०० असते. मग पुश-अप किती निघतात ते, मुलींना गुडघे टेकवून चालते. मग शरीर किती वाकते ते मोजायचा प्लायवूडचा डबा, त्याच्यावर सेंटिमीटरची टेप चिकटवलेली आहे. बूट काढून, पाय सरळ, तळवे डब्याला टेकवून बसायचं आणि दोन्ही हात टेपवरून पुढं सरकवायचे. गुडघा जरासा उचलला की मॅडम वरून हात ठेवतात आणि म्हणतात पुन्हा कर, हिसका देऊन पुढं गेलेलं त्या धरतच नाहीत, बोटं दोन सेकंद थांबली तरच आकडा लिहायचा. १८ च्या आतल्यांना ६०० मीटर पळणं किंवा चालणं, मोठ्यांना २ किलोमीटर, टायमिंग लावून. हे काही त्यांनी मनानं काढलेलं नाही, बरंचसं केंद्र सरकारच्या फिट इंडिया मोहिमेच्या टेस्टसारखंच आहे, त्याचं ॲप २०१९ च्या मोहिमेनंतर आलं आणि फुकट आहे, कोणीही पाहू शकते. पण ॲप पाहणं वेगळं आणि कोणी समोर बसून तारीख टाकून लिहून घेणं वेगळं.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे गोल. जवळपास सगळे येताना "पाच किलो कमी करायचं" नाहीतर "बॉडी बनवायची" हेच घेऊन येतात, मॅडम ते खोडत नाहीत पण वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावतात, आणि पुढच्या पानावर फक्त तेच जे आपल्या हातात आहे. माझ्या पानावर होतं: आठवड्यात चार दिवस ३० मिनिटं भरभर चालणं किंवा हळू पळणं, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, रात्री बाराच्या आत झोप. बस. हिशोब असा आहे की डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा सांगते, म्हणजे एकदम तिथं उडी मारायची नाही, जवळ जायचं आणि मग वाढवायचं. अकरावी-बारावीच्या पोट्ट्यांसाठी आकडा जास्त आहे, १७ वर्षांपर्यंत रोज ६० मिनिटं, आणि ते दिवसभर क्लासमध्ये बसून राहतात म्हणून त्यांना मॅडमनं तुकडे करून दिले, क्लासला सायकलनं जा, मधल्या सुट्टीत जिने चढ, संध्याकाळी थोडं पळ. मध्यम म्हणजे किती ह्याची खूणही सोपी आहे, चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता नाही आलं पाहिजे.

वजनाबद्दल त्या कोणाच्या तोंडावर काही बोलत नाहीत. हे मी मुद्दाम लिहून राहिली, कारण आधीच्या एका जिममध्ये ट्रेनरनं सगळ्यांसमोर माझ्या मैत्रिणीला "तू तर आधी खाणं बंद कर" म्हटलं होतं आणि ती त्याच्यानंतर कधी गेलीच नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीशी असं बोलणाऱ्याला ट्रेनर म्हणूच नये.

माझी रूममेट पोलीस भरतीची तयारी करून राहिली. तिचं गणित एकदम वेगळं, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा, ५० मार्कांचं ग्राउंड. ती रोज ८०० पूर्ण जोर लावून पळायची, नडगी दुखायला लागली तरी पळायची. मॅडमनं वही पाहून सांगितलं, "अगं रोज परीक्षा देशील तर अभ्यास कधी करशील?" आता तीन दिवस हळू आणि लांब, एकच दिवस घड्याळ लावून फास्ट, दोन दिवस स्क्वॉट आणि खांद्याचे व्यायाम, एक दिवस पूर्ण आराम. नडगीचं दुखणं थांबलं आणि टायमिंगही कमी झालं.

आता जे आवडलं नाही ते. रिसेप्शनवर प्रोटीन पावडरचे डबे मांडून ठेवले आहेत आणि संध्याकाळचा फ्लोअर ट्रेनर नवीन पोरगं दिसलं की डबाच दाखवते. घरून महिन्याला मोजके पैसे येतात आपल्याला, त्यातले दोन-अडीच हजार ह्यात घालू नका. आयसीएमआरच्या (सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) हिशोबानं दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागते, म्हणजे ५० किलोच्या मुलीला ४२ ग्रॅमच्या आसपास, आणि २०२४ च्या त्यांच्या आहार सूचनांमध्ये तर बॉडीसाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळाच असं लिहिलं आहे. मेसचं वरण दोन वाट्या घ्या, मूठभर फुटाणे, दही, जमलं तर दोन अंडी, सोयाबीनच्या वड्या तर ५० ग्रॅम कोरड्या घेतल्या की २५ ग्रॅम प्रोटीन तिथंच झालं. सकाळी बॅच सुटल्यावर सगळे तर्री पोहे खायला जातात, मॅडम त्यालाही नाही म्हणत नाहीत, फक्त म्हणतात चणे जास्त घाल म्हणावं, तेलाचा तवंग कमी.

संध्याकाळी सहा ते आठ जाऊच नका, वजनं मोकळी मिळत नाहीत आणि मुलींना तर कोपऱ्यात उभं राहून वाट पाहावी लागते. चेंजिंग रूमची कडी तुटलेली आहे, सांगून सांगून थकलो. उन्हाळ्यात एका कूलरवर अख्खा हॉल, आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकते तेव्हा हे चालत नाही. सकाळची बॅच तेवढे दिवस साडेपाचला घेतात आणि पळण्याचं कमी करतात हे बरं आहे, चक्कर आली, मळमळलं की लगेच सावलीत बसवतात. पण मालकानं अजून एक कूलर घ्यायलाच पाहिजे.

परीक्षेच्या वेळचं एक सांगायचं राहिलं. सेमिस्टरच्या आधी बॅच अर्धी रिकामी होते, सगळीकडेच होते. इथं मॅडम परीक्षेसाठी वेगळं पान लिहून घेतात, रोज २० मिनिटं आणि झोप, बाकी सगळं बंद. मला त्याच्यामुळंच पेपर संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं नाही. सहा आठवड्यांनी तीच टेस्ट परत होते, वजन बिलकुल हललं नसलं तरी पल्स कमी झालेली आणि बोटं टेपवर पुढं गेलेली दिसतात, त्याच्यानंच पुढं यावंसं वाटते.

ज्यांना फक्त चालायचं आहे त्यांनी फी भरू नका, सेमिनरी हिल्सचा रस्ता आहे, वही घरीच लिहा. ज्यांना कोणीतरी शिकवायला पाहिजे, स्क्वॉटमध्ये पाठ कशी ठेवायची, कुठं थांबायचं, त्यांनी सकाळची बॅच नक्की लावा. दमा, हार्टचं काही, किंवा जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरला विचारून या, मॅडम पहिल्याच दिवशी विचारतात. तीन महिन्यांची फी एकदम भरा म्हणून मागे लागतील, पण महिन्याचीही घेतात, कॉलेजचं आयकार्ड दाखवा. आणि भरायच्या आधी काउंटरवर विचारून घ्या की मॅडम त्या महिन्यात सुट्टीवर तर नाहीत.